मला उलटं बसवलं त्याची गोष्ट

वेळ दुपारी पावणेचारची. जागा बंदरावरचं सात नंबरचं गुदाम, तिसरा मजला, निवडणीची खोली. खालच्या मजल्यावर गोणपाटांची थप्पी पेटली आणि जमिनीच्या फळ्यांमधून धूर वर आला. खोलीत अकरा बायका होत्या. खिडक्यांना गज होते. बाहेर पडायला एकच वाट होती आणि ती बाहेरून बंद होती.

ती वाट म्हणजे मी. त्या खोलीचा लोखंडी दरवाजा बोलतोय.

मी सांगणार आहे ते ऐकीव नाही. सगळं होत असताना मी तिथेच होतो, जाणार कुठे? अकरा बायकांचं मरण झाकायला मला खोटा साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं, आणि साठ वर्षं मी तसाच उभा राहिलो. ते मी विसरलेलो नाही. विसरायचा विचारही नाही.

माझा जन्म बंदरामागच्या लोहारखान्यातला. जाड पत्रा, कडेने पट्ट्या, पट्ट्यांवर रिबिटांची रांग. लोहाराने गुदामाच्या मालकांना, म्हणजे मोठ्या साहेबांना विचारलं होतं, "साहेब, अडसर कुठल्या अंगाला लावू?"

"बाहेरच्या. आतल्यांना कशाला हवाय?"

"आणि हे भोक?"

"ते डोळ्याच्या उंचीवर. त्याला झडप. झडपेची मूठही बाहेरच. आतून उघडता कामा नये."

लोहाराने मान डोलावली. सांगितलं तसं केलं. पैसे घेतले. मला तेव्हा वाटलं, आपण चोरांपासून मालाचं रक्षण करणार. साहेबांच्या लेखी चोर आत बसणार होते, हे मला खोलीवर लागल्यावर कळलं.

त्या खोलीत बायका वेलदोडे निवडायच्या. मोठा, हिरवा, न फुटलेला एका टोपलीत, बाकीचा दुसऱ्या. लहान जिन्नस, भारी भाव, मुठीत सहज मावणारा. म्हणून साहेबांचा नियम असा होता: बायका जेवून कामाला बसल्या की पहारेकऱ्याने बाहेरून अडसर सरकवायचा. संध्याकाळी सुटायच्या वेळी आधी झडप उघडून आत नजर टाकायची, मग अडसर काढायचा, मग एकेकीला बाहेर घेऊन झडती. वेळेआधी दरवाजा उघडायचा असेल तर साहेबांना विचारूनच. पोटात दुखो, उलटी होवो, खाली जाऊन विचारूनच.

बायकांची मुकादमीण होती मोठ्या आवाजाची. वजनाचा काटा तिच्याच ताब्यात. माझी झडप उचलली गेली की ती ओरडायची, "डोळा आला गं! केस सावरा, दात घासा!" बायका खो खो हसायच्या. एकदा तर ती भोकाशी येऊन जीभ काढून उभी राहिली. पहारेकरी दचकून मागे सरला आणि जिन्यात आपटता आपटता वाचला. पाय मुरगळला, दोन दिवस लंगडत होता. साहेबांना कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून म्हणाला, वात आलाय.

मला ती बाई आवडायची. हे साधं वाक्य मी साठ वर्षांत कोणाला सांगू शकलो नाही.

त्या दुपारी धूर दिसला तेव्हा तिने आधी हाका मारल्या. मग काट्यावरचं मोठं वजन उचललं आणि माझ्यावर मारायला सुरुवात केली. मी जाड पत्रा. पोचा पडत होता, पण तुटत नव्हतो. आपल्या मजबुतीचा मला तेवढा एकदाच तिटकारा आला.

आणि ऐका. पहारेकरी वर आला होता. त्याने झडप उघडली, आत पाहिलं. आतून मुकादमीण म्हणाली, "अरे काढ की! बघतोस काय?"

तो म्हणाला, "विचारून येतो."

हे शब्द मी जसेच्या तसे सांगतोय. विचारून येतो. तो खाली गेला. साहेब त्याला काय म्हणाले ते मला माहीत नाही. तो परत आला नाही, एवढं माहीत आहे. दुसऱ्याच आठवड्यात त्याला एका जहाजावर नोकरी लागली आणि ते जहाज लांबचं होतं.

ठोके चालू राहिले. आधी उंचावर पडत होते, मग खाली, मग अगदी खाली. मग थांबले.

चौकशीला सरकारी अधिकारी आला तेव्हा त्याला तळमजल्यावर कचेरीत बसवून ठेवलं. जिना जळालाय, धोक्याचा आहे, डागडुजी करतोय, असं सांगितलं. डागडुजी माझी चालली होती. दोन फिटर पहारी घेऊन वर आले. मला चौकटीसकट उचकटलं, फिरवलं आणि परत भिंतीत बसवलं. जे अंग जिन्याकडे होतं ते खोलीकडे गेलं आणि खोलीकडचं जिन्याकडे आलं. मोठे साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. "अडसर नीट सरकतोय ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

मग अधिकाऱ्याला वर आणलं. त्याने काजळीतून बोट फिरवून अडसर पाहिला. अडसर आतून होता. मग काय, सगळं आपोआप जुळलं. बायकांनी आतून लावून घेतलं, कामाच्या वेळी झोपल्या, खालची आग कळलीच नाही, आणि सगळा दोष मुकादमीणबाईंचा. पोचे आता जिन्याच्या बाजूला आले होते. ते वाचवायला धावलेल्या माणसांच्या घावांचे ठरले. खालच्या मजल्यांवरच्या सगळ्यांना खरं काय ते ठाऊक होतं. पण प्रत्येकाला घर होतं, आणि प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी याच गुदामात कामाला यायचं होतं.

माझ्या अंगावर बोटभर लोखंडाने खोटं लिहिलं गेलं आणि मी ते मिरवत उभा राहिलो. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट आहे. या घराण्यातला कोणीतरी एकदा माझ्या तावडीत सापडू दे.

पुढे मोठी जहाजं दुसऱ्या धक्क्याला लागायला लागली. गुदामं ओस पडली. कबुतरांनी खोलीचा ताबा घेतला. मला गंज चढला. मोठे साहेब अंथरुणावर, नातवंडांच्या गराड्यात, चांगले म्हातारे होऊन गेले, असं ऐकलं. म्हणजे तेही हातचे गेले.

मग त्यांचा नातू आला. पांढरे बूट घातलेला, हसतमुख. त्याने सगळी रांगच दुरुस्त केली. तळमजल्यावर कॉफीचं दुकान, पहिल्यावर राहायच्या खोल्या. कबुतरं गेली, पिवळे दिवे आले. आणि सुरू झाली जुन्या बंदराची पायी फेरी. धक्क्यावरची माल उचलायची मोडकी यारी, वखारीचे दगडी कठडे, दोरखंडवाल्यांची गल्ली, आणि शेवटी तिकिटाचा खरा माल, म्हणजे मी.

फेरी नेणारा वाटाड्या गर्दीत माणसं हरवू नयेत म्हणून पिवळी छत्री वर धरून चालतो. मी त्याला छत्रीवालाच म्हणतो. माणूस वाईट नाही, शिकवलेलं बोलतो. जिन्यावर थांबून तो माझ्या पोच्यांकडे छत्रीचं टोक करायचा. "आणि हे बघा! आतल्या दुर्दैवी बायकांना वाचवायला धावलेल्या शूर कामगारांचे घाव! पण अडसर आतून होता. एका बाईची चूक, अकरा जीव गेले!"

लोक हळहळायचे. मग फोन बाहेर निघायचे. पोच्यात मूठ घालून फोटो काढायची तर रीतच पडली होती. नवरा काढायचा, बायको मूठ घालायची, मग म्हणायची, "पुन्हा काढ, डोळे मिटले माझे."

त्यानंतर सगळ्यांना खोलीत घेऊन एक मिनिट अंधार करायचा, त्याला 'अनुभव' म्हणायचे. छत्रीवाला आतून अडसर सरकवायचा, पण टोक खोबणीत जेमतेम शिरेल इतकाच. आगीत अडसर वाकला होता. पूर्ण रेटला तर अडकतो, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते त्याने नातवालाही सांगितलं होतं. नातू म्हणाला होता, "बरं बरं."

एका सकाळी फेरीत एक म्हातारी आली, सुनेला घेऊन. तिचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं, हे पाच मिनिटांत अख्ख्या फेरीला कळलं, कारण जिना चढताना ती सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांना नावं ठेवत होती. "ही किती दिवस टिकेल? महिना? माझ्याकडे या, जन्मभराची देते."

"आई, अहो हळू. इथे माल विकायला आलोय का आपण?" सून म्हणाली.

"तोंड चालू असलं की पाय दुखत नाहीत गं."

छत्रीवाल्याने आपली वाक्यं म्हटली. एका बाईची चूक, अकरा जीव. म्हातारीचं तोंड बंद झालं. फोटो काढणारे पुढे गेले तशी ती माझ्यापाशी आली आणि तिने पोच्यात मूठ नाही, तळवा ठेवला. मी ओळखलं. मोठा आवाज, तीच हनुवटी. ती मुकादमीणबाईची मुलगी होती. आग लागली तेव्हा आठ वर्षांची.

सुनेला ती हळूच म्हणाली, "बापाला कोणी काम देईना. बाकीच्या दहाजणींच्या घरच्यांनी आमच्या दारावर थुंकून ठेवलं. मी तरी म्हणत राहिले, माझी आई असं करणार नाही. पण हे बघ ना. बाहेरून एवढे घाव मारलेत लोकांनी. आज पहिल्यांदा वाटलं गं, लावला असेल तिनेच."

मी लोखंडाचा आहे, फुटत नाही. पण त्या क्षणी मला जितकं आत काही तुटल्यासारखं वाटलं तितकं आगीतही वाटलं नव्हतं. माझ्या खोट्या साक्षीने शेवटी तिच्या पोटच्या पोरीलाही फितवलं होतं.

महिन्याभराने गुदामात समारंभ ठरला. मेलेल्या बायकांच्या नावांची संगमरवरी पाटी लागणार होती. नावं दहा. मुकादमीणबाईचं वगळलं होतं. म्हातारी त्या सकाळी पुन्हा आली आणि नातवाला जिन्यातच गाठलं.

"साहेब, नाव घाला तिचं. चुकली असेल. पण मेली तर आहे ना?"

"आजी, तुमच्या भावना मी समजू शकतो," नातू हात जोडून म्हणाला, "पण बाकीच्या कुटुंबांचाही विचार करायला हवा. आणि इतिहास आहे हा, मी कसा बदलणार?"

"तुमच्याकडे कोणी पोचा आलेलं पातेलं परत आणतं का हो? माझ्याकडे आणतात. म्हणतात, असंच दिलं होतंत. मी पातेलं फिरवून बघते, मग बोलते. तुम्ही नुसतंच बोलता."

नातू हसला आणि पाहुण्यांकडे वळला. त्या दिवशी पाहुणे मोठे होते, कॅमेरे होते, म्हणून 'अनुभव' तो स्वतः देणार होता. म्हातारीही सगळ्यांबरोबर आत आली. सुनेला बंद खोलीत गुदमरायला होतं, ती जिन्यावरच थांबली.

"त्या दिवशी अडसर असा लावला गेला!" असं म्हणत नातवाने कॅमेऱ्याकडे बघून अडसर खाडकन पूर्ण आत रेटला.

"सर, एवढा नको..." छत्रीवाला म्हणाला. उशीर झाला होता.

माझ्या तावडीत सापडला. साठ वर्षं वाट पाहिली होती मी. अडसर मी दातात धरावा तसा धरून ठेवला.

मिनिट झालं, दिवे लागले, टाळ्याही वाजल्या. नातवाने अडसर ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. छत्रीवाल्याने ओढला. भिंती जाड, फोन लागेनात. आधी लोक हसले. मग कोणीतरी म्हणालं, "खिडक्या उघडा ना," आणि खिडक्यांना गज आहेत हे सगळ्यांना एकदमच दिसलं. हसू थांबलं. नातवाचा शर्ट पाठीला चिकटला. त्याने सजावटीला ठेवलेल्या काट्यावरचं वजन उचलून अडसरावर घातलं आणि स्वतःचं बोट ठेचून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"सर, फलकामागे झडप आहे एक," छत्रीवाला म्हणाला. खोलीच्या बाजूला माझ्या अंगावर माहितीचा मोठा फलक ठोकला होता. तो उपसून काढला. मागे भोक, भोकावर झडप, झडपेला मूठ. नातवाने झडप उचलली आणि भोकाला डोळा लावला.

"बाहेर कोण आहे? माणसं बोलवा! लवकर!"

"अगोबाई, केवढ्यांदा! बोलावते," सून म्हणाली. "आधी तुमचा डोळा बाजूला घ्या, मला आमच्या आई दिसू देत. आई! ठीक आहात ना?"

म्हातारी पुढे आली. पण ती भोकातून बघेना. ती झडपेची मूठ धरून झडप वर करी, खाली सोडी, पुन्हा वर करी.

"ही आतून कशी?"

"म्हणजे?" छत्रीवाल्याने विचारलं.

"अहो, आई घरी येऊन नक्कल करून दाखवायची आम्हाला. संध्याकाळी दारातून डोळा यायचा, मग अडसर निघायचा. डोळा बाहेरून यायचा. पहारेकऱ्याचा. मग त्याच्या भोकाची झडप बायकांच्या हातात कशी? ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांनाच कोणी झडप पाडून घ्यायची सोय करून देतं? आणि झडती घेतल्याशिवाय घरी न सोडणारी माणसं आतून लावायला अडसर देतात?"

छत्रीवाला झडपेकडे आणि अडसराकडे आळीपाळीने बघत होता. "सर," तो म्हणाला, "दरवाजा फिरवलाय का हा?"

"आजी, ही वेळ आहे का?" नातू ओरडला. "आधी इथून बाहेर तर पडू!"

म्हातारी त्याच्याकडे वळली. "माझी आईपण तेच म्हणत होती."

मग तिने भोकाला तोंड लावलं. "सूनबाई, बाहेरच्या पोच्यांवर हात ठेव. कुठे कुठे आहेत?"

"काही माझ्या डोक्याच्या वर आहेत. काही छातीशी."

"खाली बघ."

"आहेत की. हे कमरेशी. आणि हा... आई, हा पार जमिनीलगत आहे. बारीकच आहे." सुनेने वाकून त्यावर बोट फिरवलं. "उभा माणूस जिन्यावरून असा कसा मारेल? हा खाली पडून मारलाय."

ज्या बाजूला लोक मूठ घालून फोटो काढत होते त्याच बाजूला साठ वर्षं मुकादमीणबाईचा शेवटचा ठोका होता. तो कोणालातरी सापडला.

तेव्हा मी अडसर सोडला. छत्रीवाला टोकाशी खालून ठोकत होता, त्याला वाटलं त्याच्या ठोक्याने सुटला. वाटू दे.

पाहुणे धडाधड जिना उतरून गेले. म्हातारी शेवटी बाहेर आली, जिन्यावर माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि त्या खालच्या पोच्यावर हात ठेवून मोठ्याने रडली. बाजारात गिऱ्हाइकाला दम भरावा त्याच आवाजात ती म्हणाली, "मी तुझ्यावर संशय घेतला गं!" सुनेने तिला उठवलं नाही. शेजारी बसून राहिली.

पाटीवरचा पडदा त्या दिवशी निघाला नाही. कॅमेरेवाल्यांनी मात्र सगळं टिपलं होतं, ते दाखवलंही. नातवाने निवेदन दिलं की दरवाजाची तज्ज्ञांकडून तपासणी होईल आणि सत्य समोर येईल. मी खूश झालो. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी नीट विचारणार होतं.

तज्ज्ञांच्या आधी चार माणसं आली, कापायचं यंत्र घेऊन. मला चौकटीतून कापून काढलं, ताडपत्रीत गुंडाळलं आणि गुदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून आडवं टाकलं. ठोक्यांचं अंग खाली, जमिनीकडे. फेरी पुन्हा सुरू झाली आहे. माझ्या जागी नवा लाकडी दरवाजा लागलाय. त्याला अडसर नाही, भोक नाही. छत्री आता दुसऱ्याच कोणाच्या हातात असते आणि ती छत्री लोकांना सांगते की मूळ दरवाजा संवर्धनासाठी नेला आहे. पाटी लागली. नावं दहाच.

तुम्ही कधी त्या फेरीला गेलात तर एवढं करा. फोटो काढून झाला की विचारा, जुना दरवाजा कुठे आहे. मागे शेडमध्ये आहे म्हणावं, उलटा करून दाखवा. ते टाळतील. तुम्ही जिन्यावरून हलू नका. मला दया नको आहे, तेल-रंगही नको. मला माझं खालचं अंग चार माणसांना दिसायला हवंय, आणि ते दिसताना मोठ्या साहेबांच्या नातवाने समोर उभं राहायला हवंय. तोवर मी गंजायलाही तयार नाही.

शेडमध्ये आणल्याच्या दुसऱ्या दिवशी एक वेल्डर आला. त्याने माझी झडप तोडून काढली, भोकावर लोखंडाचा तुकडा बसवला आणि तो चारी बाजूंनी जोडून टाकला. नंतर घासून रंगही दिला. हे म्हातारीच्या कानावर गेलं. तपासणी व्हायच्या आधी हे काम कोणी सांगितलं, असं म्हातारीने नातवाला, बंदराच्या कचेरीला आणि तज्ज्ञांना, तिघांनाही लेखी विचारलंय. तिघांकडूनही उत्तर आलेलं नाही.